शेवटच्या गोळीनंतरचे बारा तास

आत्याच्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारच्या खिळ्याला कालनिर्णय टांगलेलं असतं. दूधवाल्याचे खाडे, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, कामवालीच्या रजा, सगळं त्यावर निळ्या पेनाने टिपलेलं. दर तीन महिन्यांनी एका तारखेभोवती मात्र लाल गोल असतो, आणि आदल्या दिवसाच्या चौकोनात बारीक अक्षरात तीन ओळी : ‘रात्री ८ गोळी. सकाळी ८ रक्त. सकाळची गोळी रक्त दिल्यावर.’ गेली अडतीस वर्षं हा लाल गोल चुकलेला नाही, असं मला लिहायला आवडलं असतं. तो दोनदा चुकला, आणि दोन्ही वेळा काय झालं ते पुढे सांगणार आहे.

ही गोळी लिथियमची. लिथियम हा एक साधा धातू, आपल्या मिठातल्या सोडियमचा भाऊबंद. ज्या आजारात माणूस काही आठवडे आभाळात असतो आणि पुढचे काही महिने खोल विहिरीत, त्या बायपोलर आजारावरचं हे सगळ्यात भरवशाचं औषध आहे. पण त्याचं औषध असणं आणि विष असणं यांतलं अंतर फार कमी आहे. रक्तात ते लिटरमागे साधारण ०.६ ते १ मिलिमोल असावं लागतं. त्याखाली गेलं तर उपयोग होत नाही आणि दीडच्या वर गेलं की हात थरथरायला लागतात, बोलणं अडखळतं, तोल जातो. म्हणून रक्त तपासायचं, तेही शेवटच्या गोळीनंतर बरोबर बारा तासांनी. आधी घेतलं तर आकडा फुगलेला दिसतो. हे सगळं आत्या लॅबच्या नव्या मुलाला स्वतः समजावून सांगते. ती शाळेत गणित शिकवायची.

‘नाव नको, पण बाकी सगळं लिही,’ असं तिनेच मला सांगितलं. म्हणून लिहितोय.

१९८७ सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत ती झोपेनाशी झाली. पहिले काही दिवस आम्हा मुलांना मजाच वाटली, कारण आत्या रात्री दोनला उठून पुरणपोळ्या करायची आणि आम्हाला जागं करून वाढायची. मग ती भराभर बोलू लागली. एका वाक्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून तिसऱ्यात. तिच्या मागे धावता धावता ऐकणाऱ्याला धाप लागायची. एक दिवस तिने ओळखीच्या दुकानातून उधारीवर पंचेचाळीस पितळी घागरी उचलून आणल्या. तिला गावाबाहेर मुलींची शाळा काढायची होती आणि प्रत्येक मुलीला पाण्याची घागर द्यायची होती. घागरी पडवीत रांगेने मांडून ठेवल्या होत्या. आजोबा त्यांच्याकडे बघत ओट्यावर बसून राहिले, ते मला अजून दिसतं.

मोठ्यांच्या कुजबुजीत एकच शब्द पुन्हा पुन्हा यायचा : येरवडा. आमच्याकडे गावांच्या नावांवरच ही भीती चिकटून बसली आहे. पुणेकरांना येरवडा, मुंबईकरांना ठाणे, कोकणात रत्नागिरी, विदर्भात नागपूर. ही चारही सरकारची प्रादेशिक मनोरुग्णालयं. तिथे माणसं बरी होऊन घरी जातात, पण आपल्या बोलण्यात ती नावं फक्त टोमणा म्हणून येतात. ‘येरवड्याला न्यायचं नाही’ एवढ्या एका निश्चयापायी घरच्यांनी दोन महिने घालवले. देवस्थान झालं, गंडे झाले, उतारे झाले. मी त्यांना दोष देत नाही. ज्याला दार माहीत नसतं, तो भिंत चाचपतच फिरणार. शेवटी आत्याच्या मुख्याध्यापिकाबाईंनी आजोबांना बाजूला घेऊन सांगितलं की त्यांच्या भावालाही हेच झालं होतं आणि तो आज बँकेत नोकरी करतो. त्या एका वाक्याने आमचं घर डॉक्टरकडे गेलं.

या गोळीचा इतिहास मी पुढे बऱ्याच वर्षांनी वाचला, आणि वाचताना एका सालापाशी थबकलो. १९४९.

त्या वर्षी मेलबर्नजवळच्या बुंडूरा इथल्या एका मनोरुग्णालयातल्या जॉन केड नावाच्या डॉक्टरांनी एक छोटा लेख छापला. केड दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरच्या चांगी छावणीत जपान्यांचे कैदी होते. परत आल्यावर त्यांनी उन्मादाचं मूळ शरीरातल्या एखाद्या द्रव्यात असेल का, याचा शोध रुग्णालयाच्या एका वापरात नसलेल्या स्वयंपाकघरात गिनीपिगांवर सुरू केला. ज्या विचाराने ते लिथियमपर्यंत पोचले, तो विचार पुढे टिकला नाही. लिथियम मात्र टिकलं. उन्मादाच्या दहा रुग्णांना त्यांनी ते दिलं. पहिला रुग्ण एक्कावन्न वर्षांचा, पाच वर्षं सतत उन्मादात असलेला. काही महिन्यांत तो घरी गेला, जुन्या कामावर रुजू झाला. मग त्याने औषध घेणं सोडलं आणि तो पुन्हा दाखल झाला. १९५० मध्ये तो गेला, तो लिथियमच्याच विषबाधेने, कारण रक्तातलं प्रमाण मोजायची सोय तोवर हाताशी नव्हती. आत्याच्या कालनिर्णयावरचा लाल गोल या माणसामुळे आहे, असं मला वाटतं.

त्याच १९४९ मध्ये वैद्यकाचं नोबेल पारितोषिक पोर्तुगालच्या एगास मोनीस यांना मिळालं. मेंदूच्या पुढच्या भागातले तंतू कापून टाकण्याच्या शस्त्रक्रियेसाठी. त्या शस्त्रक्रियेने हजारो माणसं शांत झाली, आणि त्यांतल्या कितीतरी जणांचं माणूसपणच त्यांच्यातून निघून गेलं. जगातला सर्वोच्च सन्मान तिला मिळाला होता, हे विसरून चालत नाही. मनाच्या आजारांवरच्या शारीरिक उपचारांकडे लोक संशयाने बघतात, तेव्हा त्या संशयाला इतिहास आहे.

आणि १९४९ मध्येच मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचा एक लेख ब्रिटनच्या हृदयरोगाच्या नियतकालिकात आला. विषय सर्पगंधा. ही गोष्ट मराठी वाचकाला माहीत असायला हवी, म्हणून इथे जरा थांबतो.

सर्पगंधा हे गुडघ्याएवढं झुडूप. त्याची मुळी आपल्याकडे शतकानुशतकं वापरात होती; बिहारकडे तर तिला सरळ ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती मनोविकारावर आणि रक्तदाबावर लागू पडते असं लिहून ठेवलं होतं. देशाबाहेर कुणी लक्ष दिलं नाही. डॉ. वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ती देऊन, नोंदी ठेवून, निष्कर्ष परदेशात छापले, तेव्हा जगाचे कान टवकारले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीत त्या मुळीतून रेसर्पिन वेगळं काढलं गेलं. १९५४ मध्ये न्यूयॉर्कच्या नेथन क्लाइन यांनी स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर त्याचा चांगला परिणाम झाल्याचं जाहीर केलं. तोवर पॅरिसमध्ये क्लोरप्रोमझिनही हाती आलं होतं. या दोन औषधांनी मनोरुग्णालयांच्या भिंतींना पहिल्यांदा दारं पाडली. १९५७ मध्ये अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत क्लाइन होते, क्लोरप्रोमझिनवाले होते आणि मुंबईचे वकीलही होते.

रेसर्पिन आज मागे पडलं आहे. पण मेंदूच्या अभ्यासाला त्याने जे दिलं ते राहिलं. रेसर्पिन दिलेले ससे निपचित पडतात. स्वीडनच्या आर्विड कार्लसन यांनी त्यांना एल-डोपा टोचलं आणि ते उठून हिंडू लागले. डोपामिन हा मेंदूतला स्वतंत्र निरोप्या आहे, ही ओळख त्या कामातून झाली आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल मिळालं. कंपवातावरचं औषधही याच वाटेने आलं. आपल्या रानातल्या एका मुळीने केवढा पल्ला गाठला!

आता लाल गोल चुकला त्याबद्दल.

पहिल्यांदा चुकला १९९१ मध्ये, आणि मुद्दाम. आत्या तीन वर्षं ठणठणीत होती. ठणठणीत माणसाला गोळी कशाला, हा प्रश्न तिला पडला. नातेवाइकांनी तो उचलून धरला. ‘किती दिवस खाणार आहेस ते विष?’ असं लग्नाकार्यात प्रत्येकीने एकदा तरी विचारलं असेल. तिने गोळी सोडली. पाच महिने काही झालं नाही, म्हणून सगळे खूश. सहाव्या महिन्यात यावेळी उन्माद आला नाही, विहीर आली. ती बोलेना, जेवेना. पाण्याचा पेला ओठाला लावला तर पाणी बाजूने ओघळायचं. वजन अकरा किलोने उतरलं. नैराश्यावरच्या गोळ्या सुरू केल्या, पण त्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि तेवढे दिवस तिच्याजवळ नव्हते. डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सुचवली.

तो शब्द ऐकून आई रडायला लागली. आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांपुढे सिनेमातला प्रसंग असतो : हातपाय बांधलेला माणूस, किंचाळी, मिणमिणणारे दिवे. मी तेव्हा कॉलेजात होतो आणि आत्याबरोबर मीच जायचो, म्हणून पाहिलं ते सांगतो. पहाटेपासून उपाशी ठेवायचे. भूलतज्ज्ञ शिरेतून झोपेचं औषध द्यायचे, मग स्नायू सैल करणारं. तोंडावर प्राणवायूचा मास्क, दातांमध्ये रबराचा ठोकळा. विजेचा प्रवाह काही सेकंदांचा. त्याने मेंदूत झटका येतो, पण शरीर शिथिल असल्यामुळे बाहेर फक्त पायाचा अंगठा हलताना दिसायचा. मी तो अंगठाच बघत राहायचो. मिनिटभरात सगळं संपायचं आणि अर्ध्या तासात ती डोळे उघडायची. आठवड्यातून दोनदा, असे सहा. तिसऱ्या वेळेनंतर घरी येताना रिक्षात ती म्हणाली, ‘भूक लागलीय रे.’ चार महिन्यांतलं तिचं ते पहिलं वाक्य.

किंमत द्यावी लागली. त्या दोन महिन्यांतलं तिला फारसं काही आठवत नाही. माझ्या बहिणीचा साखरपुडा त्याच काळात झाला. फोटोत आत्या आहे, तिच्या आठवणीत मात्र तो दिवस नाही. याचं तिला आजही वाईट वाटतं. हे सांगितल्याशिवाय या उपचाराचे गुण सांगणं मला पटत नाही. रोममध्ये १९३८ साली हा उपचार सुरू झाला तेव्हा तो भूल न देता दिला जाई, आणि आपल्याकडेही कितीतरी ठिकाणी पुढे अनेक वर्षं तसाच दिला गेला. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने भूल आणि स्नायू शिथिल करणारं औषध दिल्याशिवाय शॉक द्यायला बंदी केली. रुग्णाला साखळदंडाने बांधायलाही त्याच कायद्याने बंदी आहे. ही गोष्ट कायद्यात लिहावी लागली, आणि तीही एकविसाव्या शतकात.

शॉकने आत्या जेवायला लागली, लिथियमने तिचा तोल टिकवला. पण शाळेत परत जायचं म्हटलं की तिचे हातपाय गार पडायचे. रजा वाढत गेली. इथे गोळी काही करू शकत नव्हती, आणि हे तिच्या डॉक्टरांनीच सांगितलं. त्यांनी तिला एका समुपदेशक बाईंकडे पाठवलं.

त्या बाई आल्बर्ट एलिस यांच्या पद्धतीने काम करायच्या. एलिस हे न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ. १९५५ च्या सुमारास त्यांनी मांडलं की माणसाला घटना जेवढी छळत नाही तेवढा त्या घटनेबद्दलचा त्याचा हट्टी समज छळतो. तो समज तपासता येतो, खोडता येतो. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही पद्धत आत्मसात केली, इथे शिकवली, आणि ‘विवेकनिष्ठ’ हा शब्द त्यामुळे मराठी घरांत पोचला.

बाईंनी आत्याला विचारलं, ‘शाळेत परत गेलात तर काय होईल?’ आत्या म्हणाली, ‘सगळे मला वेडी समजतात.’ बाईंनी वही पुढे केली. ‘सगळे म्हणजे कोण कोण, नावं लिहा.’ आत्याने स्टाफरूममधली तेवीस नावं लिहिली. मग प्रत्येकापुढे, तो तसं समजतो हे तुम्हाला कशावरून कळलं, ते लिहायचं. दोन नावांपुढे काहीतरी लिहिता आलं. एकवीस जागा कोऱ्या राहिल्या. पुढच्या वेळी बाई त्या दोघांकडे वळल्या. समजा, हे दोघे खरंच हसले तर? आत्याला वाटलं होतं की बाई म्हणतील, नाही हो हसणार कुणी. त्या तसं म्हणाल्या नाहीत. ‘हसले तर वाईट वाटेल. पण ते तुम्हाला सहनच होणार नाही, असं कुठे लिहिलंय?’ ती वही आत्याने जपून ठेवली आहे. मग गृहपाठ मिळाला : सोमवारी फक्त शाळेच्या फाटकापर्यंत जाऊन परत यायचं. बुधवारी आत जाऊन शिपाईमामांशी दोन वाक्यं बोलायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती आठवीच्या वर्गावर उभी राहिली.

म्हणून ‘गोळी बरी की बोलणं बरं’ असा वाद कुणी घालायला लागलं की मला राहवत नाही. आत्याच्या बाबतीत गोळीचं काम बोलण्याने झालं नसतं आणि बोलण्याचं काम गोळीने झालं नसतं. साध्या नैराश्यात कधी नुसतं बोलणं पुरतं. स्किझोफ्रेनियात औषध बहुधा लागतंच, आणि त्याच्या जोडीला घरच्यांनी सारखं टोचून न बोलणंही लागतं. अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी १९५० च्या दशकात हे ओळखलं होतं. जागा नव्हती, तर त्यांनी आवारात तंबू ठोकले आणि रुग्णाबरोबर त्याच्या नातेवाइकांना तिथे राहायला बोलावलं. घरचे रोज बघायचे की आपला माणूस कसा सुधारतोय, कशाने चिडतोय, त्याच्याशी कसं बोलायचं. घरी जाताना रुग्ण आणि घर दोघंही तयार झालेले असायचे.

पण आत्याला ज्या बाई मिळाल्या त्या शहरात मिळाल्या, आणि फी परवडली म्हणून मिळाल्या. बाकीच्यांचं काय? याचं एक पक्कं उत्तर आपल्या शेजारी गोव्यात सापडलं आहे.

डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांची ‘संगथ’ ही संस्था तिथे १९९६ पासून काम करते. त्यांनी प्रश्न असा घेतला : मानसशास्त्राचं शिक्षण नसलेल्या, पण गावातल्याच माणसाला काही आठवडे शिकवून नैराश्यावर बोलण्याचा उपचार करता येईल का? प्राथमिक आरोग्य केंद्रांत सर्दी-खोकला, पाठदुखी, मधुमेह घेऊन आलेल्यांपैकी तीव्र नैराश्य असलेले ४९५ जण निवडले. अर्ध्यांना नेहमीची वैद्यकीय सेवा, अर्ध्यांना त्याशिवाय या समुपदेशकांच्या सहा ते आठ भेटी. तीन महिन्यांनी पाहिलं तर नुसत्या नेहमीच्या सेवेत ३९ टक्के लोक नैराश्यातून बाहेर आले होते, भेटी मिळालेल्यांत ६४ टक्के. २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये हे छापून आलं.

भेटीत करायचे काय, तर जवळजवळ तेच जे आत्याला फाटकापर्यंत जायला सांगणाऱ्या बाईंनी केलं. नैराश्यात माणूस म्हणतो, मन लागलं की करेन. मन लागत नाही, म्हणून तो करत नाही. करत नाही, म्हणून मन आणखी बुडतं. समुपदेशक ही साखळी दुसऱ्या टोकाकडून धरतो. सकाळी अंगणात रांगोळी काढायची सोडलीत ना, उद्या फक्त चार ठिपके काढा. बहिणीला फोन करा, दोन मिनिटं. केल्यावर कसं वाटलं ते पुढच्या भेटीत सांगा. हे ऐकायला फार साधं वाटतं. पण त्यामागे शिस्त आहे : समुपदेशक आपल्या भेटींचं ध्वनिमुद्रण एकमेकांसमोर ऐकवतात, कुठे उपदेश केला, कुठे ऐकायचं सोडून बोलत बसलो, त्याला गुण देतात. ऐकणं हे कौशल्य आहे आणि ते घासून घासूनच येतं.

निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या राष्ट्रीय संस्थेच्या २०१५-१६ च्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि आजारागणिक ७० ते ९२ टक्के लोक उपचारांवाचून होते. हा आकडा मला एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात माणसांच्या रूपात दिसला. मानसोपचारतज्ज्ञ तिथे ठरावीक दिवशीच येतात. त्या दिवशी टेबलावर पन्नासच्या वर केसपेपरांचा गठ्ठा होता. एक शेतकरी बायकोला घेऊन दोन एसट्या बदलून आला होता. डॉक्टरांनी चार मिनिटांत जमेल तेवढं नीट विचारलं, गोळ्या लिहिल्या. निघताना तो दारात घुटमळला. ‘सायब, या गोळ्यांची सवय तर नाही लागणार?’ डॉक्टर उठून त्याच्याजवळ गेले. झोपेच्या गोळीची सवय लागू शकते, ही ती नव्हे. पण मनाने एकदम बंद करू नका, बरं वाटलं तरी निदान सहा महिने घ्या. पहिले काही दिवस मळमळेल, घाबरू नका. तो ऐकत होता आणि बायकोच्या पदराच्या टोकाला केसपेपरची गुंडाळी बांधत होता. मला वाटलं, आणखी दहा मिनिटं कुणीतरी या दोघांबरोबर बसायला हवं होतं. चौदा हजार चारशे सोळा, म्हणजे १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो दवाखान्याच्या भिंतीवर होता, पण कपाटाच्या मागे गेला होता. कपाट हलवायला मी आणि शिपाई पुरे झालो.

दुसऱ्यांदा लाल गोल चुकला तो असाच, कुणाच्याही हट्टाविना. वैशाखात एका लग्नासाठी आत्या गावी गेली. ऊन, जुलाब, त्यात गुडघा दुखतो म्हणून औषधाच्या दुकानातून कुणीतरी आणून दिलेल्या वेदनाशामक गोळ्या. अंगातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं, आणि त्या जातीच्या वेदनाशामक गोळ्यांनीही तेच होतं. रक्ताची तारीख लग्नाच्या गडबडीत हुकली होती. चौथ्या दिवशी तिच्या हातून चहाची बशी सुटली, जीभ जड झाली. तिच्या मुलीला ‘लिथियम’ हा शब्द माहीत होता आणि तिने तो दवाखान्यात पहिल्याच वाक्यात सांगितला, म्हणून निभावलं. तेव्हापासून आत्याच्या पर्समध्ये जाड कागदाची एक चिठ्ठी असते : मी ही गोळी घेते, मला ही ही औषधं देऊ नका. नातवाने तिला प्लॅस्टिकचं आवरण घालून दिलं आहे.

गेल्या आठवड्यात तिच्याकडे गेलो तेव्हा लॅबचा रिपोर्ट मोबाइलवर आला होता. ०.७. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला, थायरॉइड आणि मूत्रपिंडाचे आकडेही पाहिले, आणि लाल गोलात निळ्या पेनाने ०.७ लिहिलं. मग म्हणाली, ‘पुढचं जानेवारीत येतं.’ नवं कालनिर्णय कपाटावर सुरळीतच होतं, ते मी काढून दिलं. तिने ते टेबलावर पसरलं, कोपऱ्यांवर दोन वाट्या ठेवल्या आणि बोटाने तारखा मोजत गेली. तारीख नेमकी संक्रांतीची निघाली. हळदीकुंकवाला बायका येणार, तिळगूळ करायचा. तिने जरा विचार केला आणि लाल पेनाने गोल एक दिवस अलीकडे, भोगीवर काढला.